बालवर्गात गणिताचे आणि भाषेचे कोपरे: खोलीच्या आखणीपासून रोजच्या फिरतीपर्यंत

साहित्य जमवायला दोन दिवस पुरतात. ते वापरायची सवय मुलांना लागायला महिना-दीड महिना जातो, आणि नेमका तेवढाच वेळ कुणी देत नाही. जूनच्या मध्याला शाळा भरते, पहिल्याच सोमवारी सहा ठिकाणी सहा खेळ मांडले जातात, बुधवारी ठोकळ्यांवरून मारामारी होते, मणी पाण्याच्या बादलीत जातात आणि पुढच्या सोमवारी सगळा वर्ग पुन्हा ओळीत बसून ‘अ अननसाचा’ म्हणत असतो. मग ठरतं की आमच्याकडची मुलं ऐकत नाहीत. मुलं ऐकतात. कोपऱ्यात काम कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

पुढे जे लिहितेय ते सांगली-मिरज भागातला एक साधा मराठी बालवर्ग डोळ्यांसमोर धरून: मोठा गट, पाच वर्षांची चोवीस मुलं, एक बाई, थोडा वेळ हाताशी असणारी एक मावशी आणि एकच खोली. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात. तिथे काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आधी हिशोब

चार कोपरे, चार गट, गटात सहा मुलं. कोपरे दोन गणिताचे आणि दोन भाषेचे: मोजणी, मांडणी, आवाज-अक्षर आणि पुस्तकं. यापेक्षा जास्त कोपरे मांडायचा मोह टाळावा. आठ कोपरे फोटोत छान दिसतात. ते रोज मांडणं आणि आवरणं एकट्या बाईला झेपत नाही.

एका दिवशी दोनच फेऱ्या घ्यायच्या. फेरी बारा ते पंधरा मिनिटांची, मध्ये एक बडबडगीत, शेवटी पाच मिनिटं आवराआवर. सगळं मिळून पाऊण तासाच्या आत, आणि खाऊच्या सुट्टीच्या आधी. जेवणानंतर पाच वर्षांचं मूल कोपऱ्यात काम करत नाही, पेंगतं.

चार कोपरे आणि दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे प्रत्येक गटाचे चारही कोपरे दोन दिवसांत पूर्ण होतात. याचा खरा फायदा बाईंना आहे. सोमवार-मंगळवार बाईंनी मोजणीच्या कोपऱ्यातच बसायचं. चारही गट आळीपाळीने त्यांच्यासमोर येतात. बुधवार-गुरुवार बाई आवाज-अक्षराच्या कोपऱ्यात. म्हणजे आठवड्यात प्रत्येक मूल दोनदा सहाच्या गटात बाईंसमोर बसतं, एकदा गणिताला आणि एकदा भाषेला. चोवीस जणांना एकदम शिकवताना कोण नुसतेच ओठ हलवतंय हे कळत नाही. सहात लगेच कळतं. शुक्रवारी मुलांनी हवा तो कोपरा निवडायचा आणि बाईंनी कुठेही न बसता वही घेऊन फिरायचं.

खोली आणि सामान

पुस्तकांचा कोपरा खिडकीजवळ, कारण उजेड तिथे असतो. मांडणीच्या कोपऱ्यात ठोकळे पडून आवाज होतो, म्हणून तो पुस्तकांपासून सगळ्यात लांब. आवाज-अक्षराचा कोपरा दारापासून दूर, नाहीतर रस्त्यावरून वाजत जाणारा ट्रॅक्टर पहिला आवाज ठरतो. बाईंची जागा भिंतीला पाठ लावून. जिथून चारही कोपरे दिसत नाहीत तिथे बसायचंच नाही.

टेबलं लागत नाहीत. घरोघरचे जुने पाट आणि चार सतरंज्या पुरतात. सतरंजीच्या कडा हीच कोपऱ्याची हद्द: सामान सतरंजीच्या बाहेर जात नाही. हा नियम पाच वर्षांच्या मुलाला दिसतो, म्हणून तो त्याला पाळता येतो.

प्रत्येक कोपऱ्याला एक खोका. द्राक्षाच्या हंगामातले पुठ्ठ्याचे बसके खोके यासाठी उत्तम; मुलाला दोन्ही हातांनी उचलता येतात. खोक्यावर कोपऱ्याचं चित्र आणि नाव, आणि तेच चित्र भिंतीवर जिथे खोका परत ठेवायचा तिथे. मूल चित्र जुळवून आवरतं आणि त्याच वेळी शब्दही रोज पाहतं.

सामान विकत आणायची गरज फार थोडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभं केलं, त्यात गावात मिळणाऱ्या वस्तूंनीच बालवाडी सजली होती. आपल्याकडे तर हळकुंडं, भुईमुगाच्या शेंगा, कणसांची बुरकुंडं, बांगड्या, बरण्यांची झाकणं असं सगळं घरातच आहे. हळकुंडं बिनपॉलिशची घ्यावीत. पॉलिशची भुकटी हाताला आणि मग तोंडाला लागते. चिंचोके, मणी, गोट्या यांबाबत कडक राहावं. सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीची वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही हा खेळण्यांच्या सुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. अंगणवाडीत नुकतीच तीन वर्षं ओलांडलेली मुलंही असतात, म्हणून तिथे चिंचोके ठेवूच नयेत. मोठ्या गटातही ते फक्त बाईंच्या समोर, आणि वेळ संपल्यावर मोजून परत. नाकात गेलेला चिंचोका ओल धरतो आणि फुगतो.

पहिले पाच आठवडे

पहिल्या आठवड्यात कोपरा नाही. सगळे गोलात बसतात, गप्पा, गाणी, एकमेकांची नावं. याच आठवड्यात टाळांचा इशारा शिकवायचा: टाळ वाजले की हात वर आणि तोंड बाईंकडे. शिट्टी नको, तिने मुलं दचकतात आणि दोन दिवसांत तिला सरावतात.

दुसऱ्या आठवड्यात मांडणीचा एकच कोपरा उघडायचा, तोही सगळ्या वर्गासमोर. बाई खोका आणतात, सतरंजीच्या मध्ये ठेवतात, एक-एक वस्तू काढतात, काहीतरी मांडतात, मोडतात, पुन्हा भरतात, खोका चित्राजवळ नेऊन ठेवतात. तोंडाने फार थोडं बोलतात. मग दोन मुलं तसंच करून दाखवतात. मग सगळे गट आळीपाळीने, पण फक्त तीन मिनिटं. तीन मिनिटं नीट जमली की दुसऱ्या दिवशी पाच. गडबड झाली तर रागवायचं नाही. टाळ वाजवायचे, सगळ्यांनी आवरायचं आणि पुन्हा गोलात बसायचं. कोपरा थांबला हे मुलांना पुरेसं समजतं.

तिसऱ्या आठवड्यात पुस्तकं, चौथ्यात मोजणी, पाचव्यात आवाज-अक्षर. या काळात बाईंनी एका जागी बसून शिकवायला जायचं नाही, फिरत राहायचं. बहुतेक वर्गांची घडी इथेच विस्कटते. बाई दुसऱ्याच आठवड्यात एका गटाजवळ बसतात आणि उरलेली अठरा मुलं कुणाचीच नसतात.

सहाव्या आठवड्यापासून बाई बसतात. बसताना खांद्यावर एक पिवळं उपरणं घ्यायचं. उपरणं खांद्यावर असेतो बाईंना हाक मारायची नाही. रक्त, उलटी आणि शू-शी एवढीच सूट. बाकी अडचणीला आधी गटातल्या मुलाला विचारायचं, मग मावशींना. मावशींनाही सांगून ठेवावं लागतं की मुलाचं काम स्वतः करून द्यायचं नाही. आपल्याकडच्या मावश्या मायाळू असतात, मुलाचा मनोरा कोसळायच्या आत त्याच बांधून देतात.

गट कोणत्या कोपऱ्यात जाणार हे दाखवायला पुठ्ठ्याचा फळा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येक चिमट्यावर मुलाचं नाव आणि त्याने निवडलेलं चित्र. कोपऱ्याच्या पट्टीवर सहा ठिपके. सहा चिमटे लागले की कोपरा भरला. शुक्रवारी निवड करताना एखादं मूल स्वतःच ठिपके मोजतं आणि ‘अजून एक जागा आहे’ म्हणतं. हे गणित कोणत्याही तक्त्यापेक्षा चोख आहे. गटात हुशार एकीकडे आणि कच्चे दुसरीकडे अशी वाटणी करू नये. बडबड्या आणि गप्प मुलांची मिसळ करावी.

मोजणीचा कोपरा

शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणारं मूल पाच शेंगा मागितल्या तर मूठभर देतं. म्हणणं हे गाणं असतं, मोजणं वेगळं. म्हणून या कोपऱ्यात पहिले कित्येक आठवडे लिहिलेला अंक नसला तरी चालतो.

पहिली पायरी जोडीची: एका खणात एक झाकण, एका बाहुलीला एक वाटी. दुसरी पायरी, वस्तूवर बोट ठेवत मोजणं. इथे बाईंनी एकच प्रश्न विचारायचा: मूल ‘पाच’वर थांबलं की, ‘किती आहेत?’ जे मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं, त्याला शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे अजून उमगलेलं नाही. जे चटकन ‘पाच’ म्हणतं, त्याच्यासमोर त्याच वस्तू पसरून पुन्हा विचारायचं. मग उलटं: ‘मला सहा शेंगा दे.’ मागितल्याइतक्या मोजून देणं हे दाखवलेल्या मोजण्यापेक्षा अवघड असतं, कारण योग्य जागी थांबावं लागतं.

सगळ्यात उपयोगी साधन अंड्यांचा ट्रे. तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये पाच-पाच खणांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळींचे तीन तुकडे कापले की दहाच्या तीन चौकटी मिळतात. दुकानदाराकडून कोरा ट्रे मागून घ्यावा. वापरलेल्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर अंड्याची घाण राहते आणि तो धुता येत नाही. खेळ असा: फासा टाकायचा, तितकी झाकणं खणांत ठेवायची, ज्याची चौकट आधी भरली तो जिंकला. एक ओळ भरली की पाच हे मुलांच्या डोळ्यांत बसतं. मग सात म्हणजे एक भरलेली ओळ आणि वर दोन; मोजावं लागत नाही. रिकाम्या खणांकडे बोट दाखवून ‘दहाला किती कमी?’ विचारलं की वजाबाकीची पायवाट आपोआप पडते.

अंक आणाल तेव्हा १ आणि ९ शेजारी ठेवू नका, ३ आणि ६ देखील. पहिली जोडी सारखी दिसते, दुसरी एकमेकींची आरशातली प्रतिमा. यांच्यामध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत. आणि दहापाशी भरपूर रेंगाळावं. मराठीत ‘अकरा’, ‘बारा’ या नावांतून दहा आणि एक, दहा आणि दोन हे ऐकू येत नाही, आणि ‘एकोणीस’ तर विसाकडून मागे मोजलेला. दहाची चौकट पक्की झालेली असली की एक भरलेली चौकट आणि वर एक म्हणजे अकरा हे निदान दिसतं तरी.

जतच्या सीमेकडच्या वर्गात कानडी घरातली मुलं असतात. एखादीने ‘ओंदु, एरडु, मूरु’ म्हणत मोजलं तर मोजू द्यावं. खणात झाकण बरोबर पडतंय ना, ते पाहावं. मराठी नावं आठवड्या-दोन आठवड्यांत शेजारच्या मुलांकडून येतात.

मांडणीचा कोपरा

बाईंशिवाय चालणारा हा कोपरा, म्हणून त्यातलं काम मुलाला स्वतःला तपासता यावं असं हवं. पाच हळकुंडं लांबीप्रमाणे लावायची. सतरंजीच्या एका पट्ट्यावर सगळ्यांची खालची टोकं टेकवली की चूक मुलालाच दिसते. ते जमलं की सहावं हळकुंड मध्ये कुठे बसेल? हे बरंच अवघड आहे, आणि मुलं त्यात रमतात. बांगड्यांचा क्रम लावायचा, लाल-हिरवी-लाल-हिरवी, आणि पुढे लाल-लाल-हिरवी. झाकणं आकाराने लावायची, मग रंगाने, मग ‘आता तिसऱ्या कोणत्या तऱ्हेने?’ हे मुलांवर सोडायचं. ठोकळे सुताराकडचे उरलेले तुकडे चालतात, फक्त पॉलिश पेपरने घासून.

हँगरला दोन बाजूंनी सारख्या वजनाच्या करवंट्या टांगल्या की तराजू तयार. तो मुलांना दिवाळीनंतर द्यावा.

आवाज-अक्षराचा कोपरा

इथे घाई सर्वांत जास्त होते. पालकांना वहीत ‘अ’ हवा असतो, संस्थेला तक्ता हवा असतो. पण शब्दाचे तुकडे कानाला कळल्याशिवाय अक्षर म्हणजे नुसती रेघोट्यांची आकृती.

सुरुवात टाळ्यांनी. शब्द म्हणायचा आणि तुकड्यागणिक टाळी द्यायची. शब्द निवडताना एक गोष्ट सांभाळायची. ‘हळद’ आपण ‘ह-ळद’ असा म्हणतो, म्हणजे टाळ्या दोन, पण लिहिताना अक्षरं तीन. ‘कणीस’चंही तेच. सुरुवातीला असे शब्द घेतले तर मूल पुढे गोंधळतं. ‘पेढा’, ‘केळी’, ‘बेदाणा’, ‘मामा’ यांत जितक्या टाळ्या तितकी अक्षरं. आधी हेच घ्यावेत.

मग पहिल्या आवाजाची टोपली. मोठ्या माणसाला ‘कापूस’ आणि ‘केळं’ दोन्ही ‘क’चे वाटतात, मुलाच्या कानाला मात्र ‘का’ आणि ‘के’ येतात. म्हणून एका टोपलीत सगळे ‘का’: काडी, कापूस, काकडी. दुसरीत ‘मा’: माळ, मासा, छोटा माठ. मिसळून दिल्या की मुलांनी वेगळ्या करायच्या. ‘का’ आणि ‘के’ एकत्र आणणं ही पुढची पायरी.

अक्षरांची सुरुवात स्वतःच्या नावाने. नावाचं कार्ड रोज शोधून हजेरीच्या दोरीला लावायचं. महिन्याभरात मुलं शेजाऱ्याचंही नाव ओळखतात. त्यानंतर अ ते ज्ञ या ओळीने जायची गरज नाही. क, म, न, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाना, कान, नाक, मान, काम, रान, मका तयार होतात. चार अक्षरांत मूल शब्द वाचतं; मुळाक्षरांच्या तक्त्याने हाच शब्द सहा महिन्यांनी भेटतो.

अक्षर गिरवायला ताटात चाळलेली वाळू. रव्याला मुंग्या लागतात. बोटाने मोठं काढायचं, मग पाटीवर, पेन्सिल त्याच्या नंतर.

‘पानी’, ‘आनि’, ‘हितं’ असं बोलणारी मुलं आपल्याकडे वर्गागणिक असतात. या कोपऱ्यात त्यांना टोकू नये. ‘पानी दे’ म्हटलं की ‘हे घे पाणी’ म्हणावं आणि पुढे जावं. टोकलेलं मूल पुढच्या वेळी बोलतच नाही, आणि मग त्याला काय ऐकू येतंय ते कळायला मार्गच उरत नाही. ‘ण’ आणि ‘न’ची अक्षरं मात्र लांब-लांब शिकवावीत.

बाई या कोपऱ्यात असताना आणखी एक काम: गटातल्या एका मुलाने चित्र काढायचं आणि त्याबद्दल एक वाक्य सांगायचं, बाईंनी ते त्याच्या शब्दांत लिहायचं. ‘आमच्या म्हशीला रेडकू झालं.’ बोट ठेवून दोघांनी वाचायचं. ही पानं शिवून पुस्तकांच्या कोपऱ्यात जातात, आणि छापील पुस्तकांपेक्षा जास्त हाताळली जातात.

पुस्तकांचा कोपरा

दहा-पंधरा पुस्तकं, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी दोरीला लावलेली. दर पंधरवड्याला निम्मी बदलायची. पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत; छापून घेता येतात. शिवाय मुलांना आधीच ओळखीचं छापील जग इथे आणावं: चहापत्तीची, बिस्किटांची पाकिटं, आयर्विन पुलाचे आणि गणपती मंदिराचे फोटो नावासह, एसटीच्या पाट्यांसारख्या पट्ट्या. रोज ‘तासगाव’ची पाटी बघून गाडीत चढणारं मूल तो शब्द अक्षरं न येताही ओळखतं, आणि ‘विटा’ त्याहून लहान आहे हेही त्याला दिसतं. परिपाठात बाईंनी वाचलेलं पुस्तक त्याच दिवशी इथे ठेवावं. मुलं ते एकमेकांना ‘वाचून’ दाखवतात.

अंगणवाडीत

गट वयाने करायचे नाहीत, मिसळून करायचे. फक्त बाईंच्या कोपऱ्यात पाच-सहा वर्षांची मुलं एकत्र आली तर बरं. त्या वेळी तीन-चार वर्षांची मुलं मदतनीस ताईंसोबत पाणी, माती किंवा बाहुलीघरात. फेऱ्या दोनऐवजी एक. बाकी रचना तीच.

नोंदी आणि पालक

गुण नकोत, तक्ते नकोत. एका मुलाला वहीचं एक पान, रोज दोन मुलांबद्दल एक-एक ओळ: ‘सातपर्यंत मोजून दिलं’, ‘का आणि मा वेगळं केलं’, ‘पुस्तक उलटं धरलं नाही’. बारा शाळेच्या दिवसांत चोवीसही मुलं होतात.

‘अजून लिहीत का नाही?’ हा प्रश्न ऑगस्टच्या पालकसभेत येणारच. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या ‘निपुण भारत’मध्ये वाचन-गणिताचा पाया पक्का करण्याची मुदत तिसरीच्या अखेरीपर्यंत आहे, हे सांगावं, पण त्याने फारसं कुणी निवांत होत नाही. त्यापेक्षा पालकांना सहा-सहाच्या गटात कोपऱ्यांत बसवावं आणि फेऱ्या कराव्यात. घरी शंभरपर्यंत म्हणणाऱ्या मुलाकडून बापाला ‘आठ शेंगा दे’ मागू द्यावं. घरचा अभ्यास म्हणून ताटं मांडायला लावणं, भाजीच्या पिशवीतल्या वांग्यांची मोजदाद, आजीची एक गोष्ट, एवढं पुरतं.

पावसाळा आणि बदल

कृष्णाकाठच्या गावांत खोके जमिनीवर ठेवायचेच नाहीत. फळीवर, भिंतीपासून थोडे सुटे. जुलै-ऑगस्टमध्ये शेंगा आणि बुरकुंडांना बुरशी येते, तेवढे दोन महिने झाकणं आणि बांगड्यांवर भागवावं. धान्य ठेवलंत तर उंदीर येतात. कोपऱ्यातलं काम दर दोन-तीन आठवड्यांनी बदलायचं, पण एका वेळी एकाच कोपऱ्याचं, आणि बदललेलं काम आधी गोलात दाखवूनच. मुलं सामान फेकायला लागली किंवा दोन मिनिटांत ‘झालं’ म्हणायला लागली की ते काम सोपं झालं असं समजावं. पुढच्या वर्षीचे खोके फेब्रुवारी-मार्चमध्येच एखाद्या द्राक्ष बागायतदार पालकाकडून मागून ठेवावेत. जूनमध्ये शोधायला गेलात तर भिजलेलेच हाती येतात.